तीनशे छत्तीस हा आकडा पाठ केलात, पुढे काय?

बसा सगळे. टाळ्या पुरे झाल्या. निकाल मी आज देणार नाही. पाऊण तास तुमचा वाद ऐकला, पण ज्याला गुण द्यावेत असा एकही मुद्दा कानावर पडला नाही.

विषय तुम्हीच मागून घेतला होता. ‘ब्रेट फार्व : थोर की बेजबाबदार?’ विस्कॉन्सिनमध्ये वाढलेली मुलं अमेरिकन फुटबॉलमधल्या पॅकर्सच्या क्वार्टरबॅकवर मराठीतून वाद घालणार म्हणताना मी आनंदाने होकार दिला. तयारीला भरपूर वेळ दिला. आणि आणलंत काय? एका बाजूने ३३६ इंटरसेप्शन, दुसऱ्या बाजूने ५०८ टचडाउन. मग पुन्हा ३३६, पुन्हा ५०८. दर फेरीला आवाज तेवढा चढत गेला, विचार जागचा हलला नाही. तुमच्यापैकी एकानेही फार्वला मैदानात खेळताना पाहिलेलं नाही. तो शेवटचा खेळला डिसेंबर २०१० मध्ये. न पाहिलेल्या माणसाबद्दल बोलायचं तर अभ्यास दुप्पट लागतो. तुम्ही तो निम्माही केला नाही.

आधी विरोधी बाजू. उभा राहा. ३३६ हा आकडा बरोबर आहे. एनएफएलच्या नियमित हंगामांत इतके पास दुसऱ्या कुठल्याही क्वार्टरबॅकने प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिलेले नाहीत. पण ‘किती’ असं कुणी म्हटलं की लगेच ‘कितीपैकी’ असं विचारायचं, हे मी पाचवीच्या मुलांना शिकवते. तू अकरावीत आहेस. फार्वने एकूण १०,१६९ पास फेकले. म्हणजे शंभरातले ३.३ गेले. आता डॅन मरिनो घे. ८,३५८ पास, २५२ इंटरसेप्शन. शंभरात ३. जॉन एलवे घे. ७,२५० पास, २२६ इंटरसेप्शन. शंभरात ३.१. हजार पासांमागे दोन-तीन पासांचा फरक! मरिनोला किंवा एलवेला कुणी बेजबाबदार म्हटलेलं तू ऐकलं आहेस? टेरी ब्रॅडशॉने २१२ टचडाउन दिले आणि २१० इंटरसेप्शन, तरी त्याच्याकडे चार सुपर बोल आहेत. जो नेमथचे टचडाउन १७३ आणि इंटरसेप्शन २२०, तोही हॉल ऑफ फेममध्ये आहे. फार्वच्या आधी हा नकोसा विक्रम जॉर्ज ब्लांडाच्या नावावर होता. २७७. त्यातली ४२ एकट्या १९६२ च्या हंगामातली. ही नावं तुझ्या भाषणात कुठे होती?

फार्वचा आकडा एवढा वाढला याचं मोठं कारण म्हणजे तो बाहेर बसलाच नाही. २७ सप्टेंबर १९९२ पासून डिसेंबर २०१० पर्यंत सलग २९७ सामन्यांत तो पहिल्यापासून मैदानात उतरला. २००३ मध्ये फेकत्या हाताचा अंगठा मोडला, तरी खेळला. जो अठरा वर्षं रोज कामावर येतो, त्याच्या चुकांची बेरीज अर्ध्या वाटेत निवृत्त झालेल्यापेक्षा जास्तच भरणार. हे समजायला फुटबॉल कळावं लागत नाही, नुसती बेरीज कळावी लागते.

आता दुसरी बाजू. हसताय कशाला? तुमची तयारी याहून कच्ची होती. ‘तेव्हा सगळेच इतकी इंटरसेप्शन द्यायचे’ असं तुम्ही ठोकून दिलंत आणि खाली बसलात. सगळे कोण? नेमथ आणि ब्लांडाचा काळ वेगळा होता, हे मान्य. १९७८ मध्ये नियम बदलले. बचाव करणाऱ्याला पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के देता येईनात आणि लाइनमनना हात पसरून अडवायची मुभा मिळाली. पास फेकणं तेव्हापासून सोपं झालं. पण फार्व त्या नियमांनंतरचा आहे. स्टीव्ह यंग त्याच्याच काळातला, त्याच कॉन्फरन्समधला. ४,१४९ पास, १०७ इंटरसेप्शन. जो मोंटॅना थोडा आधीचा. ५,३९१ पास, १३९ इंटरसेप्शन. दोघांचाही दर शंभरात २.६. फार्वने त्या दराने पास फेकले असते, तर ३३६ ऐवजी साधारण २६५ झाली असती. म्हणजे सत्तर वेळा चेंडू संघाकडेच राहिला असता. या सत्तर चेंडूंचं काय, हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नाही म्हणून तुम्ही सुटलात. मी असते तर सोडलं नसतं. आणि प्लेऑफचं तर तुम्ही नावच काढलं नाही. २४ सामन्यांत ३० इंटरसेप्शन. जानेवारी २००२ मध्ये सेंट लुईसमध्ये रॅम्सविरुद्ध एकाच सामन्यात सहा, आणि त्यातल्या तीन इंटरसेप्शनवर रॅम्सनी थेट टचडाउन केले. ४५-१७ अशी हार. ज्याची बाजू घ्यायची, त्याचा सगळ्यात वाईट दिवस आधी आपण वाचायचा. तो लपवून ठेवणं याला बाजू मांडणं म्हणत नाहीत.

पण माझा खरा राग आकड्यांवरून नाही. तो तुम्ही दाखवलेल्या दोन व्हिडिओंवरून आहे.

बाजूने बोलणाऱ्यांनी डेट्रॉइटचा पास दाखवला. ८ जानेवारी १९९४, प्लेऑफ, शेवटचं मिनिट, पॅकर्स तीन गुणांनी मागे. फार्व डावीकडे सरकला आणि तिथून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, शरीराच्या आडवा, चेंडू फेकला. स्टर्लिंग शार्प तिथे एकटा उभा होता. चाळीस यार्ड, टचडाउन, २८-२४. तुम्ही म्हणालात, ‘ही प्रतिभा!’ विरोधी बाजूने न्यू ऑर्लीन्सचा पास दाखवला. २४ जानेवारी २०१०, व्हायकिंग्ज विरुद्ध सेंट्स, फार्व तेव्हा व्हायकिंग्जकडे. फार्व उजवीकडे धावला आणि तिथून शरीराच्या आडवा, मैदानाच्या मध्याकडे चेंडू फेकला. ट्रेसी पोर्टरने तो पकडला. तुम्ही म्हणालात, ‘हा मूर्खपणा!’ दोन्ही व्हिडिओ मागोमाग चालले आणि या खोलीत एकाच्याही लक्षात आलं नाही की हा एकाच हाताचा, एकाच सवयीचा, जवळजवळ एकच पास आहे. त्याच २००९ च्या हंगामात सप्टेंबरमध्ये फोर्टी-नायनर्सविरुद्ध धावता धावता त्याने शेवटचा पास फेकला, बत्तीस यार्डांवर, एंड झोनच्या पार मागच्या कडेला, ग्रेग लुईसकडे. घड्याळात दोन सेकंद उरले होते. सामना जिंकला. देशभर त्याचं कौतुक झालं. तोही व्हिडिओ कुणीतरी आणायला हवा होता.

पास यशस्वी झाला की शहाणपण आणि पकडला गेला की मूर्खपणा, असा न्याय द्यायला अक्कल लागत नाही. तो न्याय गुणफलकसुद्धा देतो. टीकाकाराचं काम त्याच्या आधी सुरू होतं. चेंडू हातातून सुटला त्या क्षणी क्वार्टरबॅकला काय दिसत होतं, काय माहीत होतं आणि दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, हे सांगायचं असतं.

न्यू ऑर्लीन्सचाच पास घेऊ, कारण तुम्ही तो सात सेकंदांचा दाखवलात. गुण २८-२८. व्हायकिंग्ज सेंट्सच्या ३३ यार्डांच्या रेषेवर. तिथून साधारण पन्नास यार्डांचा फील्ड गोल झाला असता. व्हायकिंग्जनी टाइमआउट घेतला. टाइमआउट संपवून आले, तर हडलमध्ये अकराऐवजी बारा खेळाडू. पाच यार्डांचा दंड. संघ मागे ३८ वर गेला, फील्ड गोल पंचावन्न यार्डांचा झाला, तिसरा डाउन आणि १५ यार्ड हवेत. घड्याळात १९ सेकंद. फार्व चाळीस वर्षांचा, घोटा दुखावलेला. चेंडू हातात आला, तो उजवीकडे निघाला. समोर काही यार्ड मोकळे दिसत होते. पळून तेवढे घेतले असते, तर किकर लाँगवेलची किक सोपी झाली असती. नाहीतर चेंडू बाहेर फेकून दिला असता तरी चाललं असतं. त्याऐवजी त्याने मध्यात सिडनी राइसकडे फेकला.

तो निर्णय चुकीचा होता. निःसंशय चुकीचा. धावताना, उशिरा, शरीराच्या आडवा, मैदानाच्या मध्यात फेकू नये, हे शाळेतला प्रत्येक कोच पहिल्या वर्षी सांगतो. बाजूने बोलणाऱ्यांनो, हे तुम्ही स्वतः उठून कबूल करायला हवं होतं. त्याने तुमची बाजू पडली नसती, उलट तुमच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसला असता. आणि विरोधी बाजू, त्या दिवशी व्हायकिंग्जनी ४७५ यार्ड मिळवले, सेंट्सनी २५७. तरी व्हायकिंग्ज हरले, कारण पाच वेळा चेंडू गमावला. त्या पाचांत फार्वची इंटरसेप्शन दोन, बाकीचे तीन फंबल. टाइमआउटनंतर बारा माणसं मैदानात पाठवली ती फार्वने नाही. जादा वेळेत सेंट्सनी नाणेफेक जिंकली, पहिल्याच फेरीत फील्ड गोल केला आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे सामना तिथेच संपला. फार्वच्या हातात चेंडू पुन्हा आलाच नाही. हे इतकं खटकलं की पुढच्या दोन महिन्यांत लीगने प्लेऑफसाठी तो नियम बदलला. २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करण्यासाठी सेंट्समध्ये पैसे लावले जात होते. २००९ चा हंगाम त्यात होता. प्रशिक्षक शॉन पेटनला एक पूर्ण वर्ष बाहेर बसावं लागलं. सात सेकंदांच्या व्हिडिओत यातलं काय होतं? शेवटची चूक सगळ्यांना दिसते, म्हणून ती एकटीच चूक ठरत नाही.

आता २००५. विरोधी बाजूच्या तिसऱ्या वक्त्रीने सांगितलं, ‘२००५ मध्ये २९ इंटरसेप्शन, म्हणजे म्हातारपणी त्याची बुद्धी गेली.’ बुद्धी गेली? मग २००९ मध्ये, चार वर्षांनी आणखी म्हातारा झाल्यावर, ५३१ पासांत फक्त सात इंटरसेप्शन कशी? त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला तो सर्वांत स्वच्छ हंगाम होता. २००५ च्या आधी पॅकर्सचे दोन्ही गार्ड, माइक वॉल आणि मार्को रिवेरा, संघ सोडून गेले. पहिल्याच सामन्यात जावन वॉकरचा गुडघा गेला आणि तो हंगामभर बाहेर. धावणारा अमन ग्रीनही पुढे जायबंदी झाला. पुढून संरक्षण नाही, पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर बाहेर, पळून यार्ड मिळत नाहीत आणि बऱ्याच सामन्यांत संघ मागे. मागे असलेल्या संघाचा क्वार्टरबॅक जास्त फेकतो, अवघड फेकतो, आणि बचाव करणाऱ्यांना तो फेकणार हे आधीच ठाऊक असतं. संघ ४-१२ असा संपला. फार्वने हट्टाने फेकलेले पास त्यातही होते, ते मी झाकत नाही. पण २९ चं ओझं एका माणसाच्या डोक्यावर ठेवून मोकळं होणं हा आळस आहे. दुसरा शब्द नाही.

तुमच्यातल्या एकाने पासर रेटिंगचा आधार घेतला, तेवढंच जरा बरं वाटलं. पण ते रेटिंग कसं काढतात, असं मी विचारलं तर गप्प. १९७३ पासून ते वापरात आहे. पूर्ण झालेले पास, दर पासामागचे यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन, असे चार भाग त्यात असतात. अर्धवेळेच्या शेवटच्या सेकंदाला साठ यार्डांवर आशेने भिरकावलेला चेंडू पकडला गेला आणि स्वतःच्या गोलरेषेजवळ पकडला गेला, दोन्ही त्या सूत्राला सारखेच. रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेला चेंडूही फेकणाऱ्याच्याच नावावर. रिसीव्हर चुकीच्या वाटेने पळाला तरी फेकणाऱ्याच्याच नावावर. सूत्र वापरा, जरूर वापरा. पण त्याला काय दिसत नाही, हे सांगितल्याशिवाय ते पुढे करायचं नाही.

आणि विशेषणं. ती ऐकताना मी वहीत लिहून ठेवली. फार्वच्या चाहत्यांनी म्हटलं : पोरासारखा निरागस, बिनधास्त, गनस्लिंगर. आता त्याच काळातल्या डोनोव्हन मॅकनॅबला आठवा. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं, तेव्हा फिलाडेल्फियाच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. २००३ मध्ये ईएसपीएनवर रश लिंबो म्हणाला की माध्यमांना एक कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी झालेला हवा आहे, म्हणून मॅकनॅबला नको इतकं श्रेय मिळतं. काही दिवसांत लिंबोला ते काम सोडावं लागलं. मॅकनॅबचा दर किती होता? ५,३७४ पास, ११७ इंटरसेप्शन. शंभरात २.२. चेंडू सांभाळण्यात तो फार्वच्या कितीतरी पुढे. त्याला कुणी प्रेमाने काय म्हणालं? एकाची चूक धाडस आणि दुसऱ्याची चूक कमकुवतपणा, हे आपण कुठून शिकलो, ते प्रत्येकाने स्वतःला विचारा. तुमची आडनावं परकी वाटणाऱ्या देशात तुम्ही वाढताय. माणसागणिक मोजमाप कसं बदलतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज पडायला नको होती.

एक जण मध्येच फार्वचं नाव जोडलं गेलेल्या मिसिसिपीतल्या सरकारी मदतनिधीच्या प्रकरणात शिरला. ते प्रकरण गंभीर आहे. त्यावर वेगळा वाद ठेवा, मी स्वतः ऐकायला बसेन. पण मुद्दा संपल्यावर माणसाच्या अंगावर जायचं, ही वादाची रीत नव्हे. तिसऱ्या डाउनवरच्या पासाचा न्याय त्या पासावरच करायचा.

आणखी एक माणूस तुमच्या भाषणांत हवा होता. पॅकर्सचा जनरल मॅनेजर रॉन वुल्फ. १९९१ मध्ये फार्व अटलांटा फाल्कन्सकडे होता. संपूर्ण हंगामात त्याला चार पास मिळाले. एकही पूर्ण झाला नाही, दोन पकडले गेले, आणि पहिल्याच पासावर प्रतिस्पर्ध्याने टचडाउन केला. शंभरात पन्नास! तुमच्या हिशेबाने या मुलाला घरी पाठवायला हवं होतं. वुल्फने फेब्रुवारी १९९२ मध्ये त्याच्यासाठी पहिल्या फेरीची निवड मोजली. त्याने कागदावरचा शून्य बघितला नाही, हात बघितला. आणि पुढे प्रशिक्षक माइक होल्मग्रेन त्या हाताच्या मागे लागला. १९९३ मध्ये २४ इंटरसेप्शन, १९९४ मध्ये १४, १९९५ मध्ये १३ आणि एमव्हीपीचा मान. पुढची दोन वर्षं पुन्हा तोच मान, आणि जानेवारी १९९७ मध्ये पॅट्रियट्सविरुद्ध सुपर बोल, ३५-२१. ही सुधारणा ओरडून झाली, चिडून झाली, पण ज्याने केली त्याला प्रत्येक चुकीचं कारण माहीत होतं. चोवीस हा आकडा सांगून कुणी चौदावर येत नाही.

मागे बसलेल्या पालकांनो, थोडं तुमच्याशी. आपल्या मुलाने माइक घट्ट धरला, आवाज चढवला, की तुम्ही टाळ्या वाजवता. रविवारी टीव्हीसमोर क्वार्टरबॅकला नाही नाही ते बोलता, आणि मुलं तेच इथे मराठीत बोलतात. मुलांचं मराठी सुधारावं म्हणून तुम्ही त्यांना इथे आणता, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मराठीत आलं काय आणि इंग्रजीत आलं काय, सारखंच वाईट. त्यांना घरी एकच विचारत जा : तुला हे कशावरून वाटतं?

आता वह्या काढा. पुढच्या रविवारी हाच विषय पुन्हा होईल, आणि बाजू अदलाबदल होतील. ज्याने फार्वला झोडपलं, त्याने त्याची बाजू घ्यायची. ज्याने डोक्यावर घेतलं, त्याने दोष दाखवायचे. त्याआधी प्रत्येकाने फार्वचं एक इंटरसेप्शन निवडायचं आणि त्या खेळीची हकिगत एका पानात लिहून आणायची. कितवा डाउन होता, किती यार्ड हवे होते, घड्याळात किती वेळ, गुण किती, रिसीव्हर कुठे निघाला होता, दबाव कुठून आला आणि क्वार्टरबॅकला दुसरं काय करता आलं असतं. पूर्ण सामना बघा, तुकडे नाहीत. पानावर विशेषण दिसलं तर मी ते पान परत करीन. ज्याच्याकडे पान नसेल, त्याला माइक मिळणार नाही.